काचेच्या पेटीतील दहा जीव

खान्देशातील व्यापारी पेढ्यांवर मत्स्यपेटी ही आता अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. जळगावच्या सराफ बाजारात, फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर गल्ल्याच्या शेजारी काचेच्या गोल भांड्यात फिरणारा एखादा सोनेरी मासा सहज दृष्टीस पडतो. कोणी तो वास्तुतज्ज्ञाच्या सल्ल्याने आणलेला असतो, तर कोणी फेंगशुईच्या पुस्तकात वाचून आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे मोजून ठेवलेले असतात. घरात हीच पेटी येते ती बहुधा मुलांच्या हट्टामुळे. व्यापारवृद्धीशी माशांच्या संख्येचा काही संबंध असतो, असे कोणत्याही जमाखर्चावरून आजवर दिसून आलेले नाही. परंतु पेटी ठेवणाऱ्यांची संख्या वाढत आहे हे खरे, आणि त्यांत आपल्या समाजातील कुटुंबेही आहेत.

जैन घरात हा विषय केवळ हौसेचा राहत नाही. मासा हा जलचर, तिर्यंच, पंचेंद्रिय जीव आहे. दिगंबर परंपरेत अठरावे तीर्थंकर अरनाथ यांचे लांछनच मत्स्य आहे. पाठशाळेत शिकलेल्या प्रत्येकास तंदुलमत्स्याची कथा ठाऊक असते. महामत्स्याच्या आश्रयाने राहणारा हा तांदळाच्या दाण्याएवढा मासा. महामत्स्याच्या उघड्या जबड्यातून असंख्य मासे सुखरूप बाहेर पडताना तो पाहतो, आपण त्याच्या जागी असतो तर एकालाही सोडले नसते असे मनात आणतो आणि तेवढ्या विचारामुळे सातव्या नरकाचा धनी होतो. कथेचा रोख भावहिंसेवर आहे. पण ती सांगणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे : एवढ्याशा माशालाही मन आहे. दीड इंचाच्या माशाला शोभेची वस्तू समजण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे लागते.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार प्रसिद्ध आहेत : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. हे अतिचार सांगताना शास्त्रकारांच्या डोळ्यांसमोर गाय, बैल, घोडा आणि घरातील चाकर होते. काचेची पेटी नव्हती. तरीही मत्स्यपालनात ज्या चुका सर्वाधिक होतात त्या या पाचांच्या बाहेर जात नाहीत, हे पाहून आश्चर्य वाटते. गोल भांडे हा बंध आहे. लहान पेटीत दाटीने सोडलेले मासे म्हणजे एका अर्थाने पाण्यावर लादलेला अतिभार. छविच्छेद आणि अन्नपाननिरोध यांचा विचार पुढे येईलच. यावरून पेटी ठेवूच नये, असा निष्कर्ष काही कुटुंबे काढतात आणि त्यांचा निर्णय आदरास पात्र आहे. ज्यांना पेटी ठेवायची आहे किंवा ज्यांच्या घरी ती आधीच आहे, त्यांनी मात्र लहान, शांत आणि कळपाने राहणाऱ्या माशांची गरज नेमकी काय आहे, हे समजून घेतले पाहिजे.

कळपात राहणे ही या माशांची आवड नसून त्यांच्या जगण्याची रीत आहे. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक संवेदनशील रेषा असते. पाण्यातील सूक्ष्म हालचाल तिला जाणवते. शेजारचा मासा कोणत्या क्षणी वळला, हे तिच्या आणि डोळ्यांच्या साहाय्याने कळते आणि सगळा थवा एकाच वेळी वळतो. शिकारी माशाला अशा थव्यातून एक भक्ष्य निवडणे अवघड जाते. म्हणून एकटा पडलेला लहान मासा स्वतःस सतत संकटात समजतो. तो कोपऱ्यात दबून राहतो, रंग फिका पडतो, अन्न टाकतो आणि लवकरच आजारी पडतो. दुकानातून ‘प्रत्येक रंगाचे दोन-दोन’ आणण्याची आपल्याकडील पद्धत या दृष्टीने पूर्णतः चुकीची आहे. पाच जातींचे दहा मासे आणले, तर पेटी रंगीत दिसते खरी, परंतु पेटीत थवा एकही नसतो. एकाच जातीचे किमान सहा, आणि शक्यतो दहा मासे असावेत. हीच माणसे वर्षानुवर्षे पेटी पाहत राहिली, तर दहा सारख्या माशांच्या एका वळणात जे सौंदर्य आहे ते त्या रंगीत गर्दीत नव्हते, हे त्यांचे त्यांनाच कळते.

जात कोणती निवडावी, हा प्रश्न खान्देशात पाण्याकडे पाहून सोडवावा लागतो. मुंबई-पुण्याच्या दुकानदारांप्रमाणे इथलेही दुकानदार प्रथम निऑन टेट्रा दाखवतात. निळी चमकदार रेघ आणि तांबडी शेपटी असलेला हा मासा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातील आहे. १९३६ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचे मूळ पाणी पालापाचोळ्यामुळे चहासारखे तांबूस, अत्यंत मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते. आपल्याकडे काळ्या बेसॉल्ट खडकातून आणि तापीकाठच्या गाळाच्या थरांतून उपसलेले कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. गिझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या काठावर बसणारा पांढरा थर घरोघरी परिचित आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि अन्य स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालू शकते. माणसाला चालणारी ही वरची मर्यादा निऑन टेट्राला मानवत नाही. अशा पाण्यात तो काही काळ तग धरतो. पण तग धरणे आणि जगणे यांत फरक आहे.

याउलट झेब्रा डॅनिओ हा आपल्याच उपखंडातील मासा आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्याने गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांवर लिहिलेल्या आणि १८२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याचे प्रथम वर्णन आढळते. संथ ओढे, पाणथळ कडा आणि भातखाचरे ही त्याची वस्ती. लांबी दीड इंचाच्या आसपास, अंगावर डोक्याकडून शेपटीकडे धावणारे निळे पट्टे आणि स्वभाव चपळ. मान्सूनच्या प्रदेशातील असल्यामुळे उन्हाळा-हिवाळ्याचा फरक आणि पाण्याचा जडपणा तो बऱ्यापैकी सहन करतो. प्रयोगशाळांतही हाच मासा जगभर वापरला जातो. त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात प्रतिरूप असल्याचे दिसून आले. रोझी बार्ब हाही भारतीय मासा. तो आकाराने मोठा होतो आणि त्यास अधिक लांब पेटी लागते. दोन्हींसोबत लांब, लोंबत्या परांचे मासे ठेवू नयेत, कारण ती परे कुरतडली जातात. टायगर बार्ब हा खोडकर आणि फायटर हा नावाप्रमाणे भांडखोर. ‘शांत मासे’ म्हणून ते विकले गेले तरी घेऊ नयेत. सोनेरी मासा तर या मंडळींत बसतच नाही. तो पुरेशा जागेत वीतभर वाढतो आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. गोल भांड्यात तो काही महिन्यांत मरतो आणि ‘नजर त्याने अंगावर घेतली’ असे सांगून दुसरा आणला जातो.

या गोल भांड्यांविषयी एक नोंद आवश्यक आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये केंद्र शासनाने २०१७ मध्ये मत्स्यपेट्या व शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी नियम काढले होते आणि त्यांत गोल भांड्यात मासे ठेवण्यास मनाई केली होती. व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर ते नियम मागे घेण्यात आले. कायद्याने मोकळीक दिली म्हणून भांडे योग्य ठरत नाही. त्यात पाण्याचा पृष्ठभाग कमी, म्हणून प्राणवायू कमी. गाळणयंत्रास जागा नाही. आणि माशाला सरळ पोहता येत नाही.

दहा झेब्रा डॅनिओंसाठी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच पेटी योग्य होय. तीत काठोकाठ १०६ लिटर पाणी मावते. खालची वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ९० लिटर उरते. काच, वाळू व पाणी मिळून वजन एक क्विंटलच्या पुढे जाते, तेव्हा ती दुकानाच्या फडताळावर न ठेवता स्वतंत्र लोखंडी चौकटीवर ठेवावी. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण हे मासे आडवे धावतात. वर झाकण हवेच. डॅनिओ उडी मारतो.

पेटी आणली त्याच दिवशी मासे सोडणे, ही सर्वांत घातक घाई होय. माशाच्या श्वसनातून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात मिसळतो. वाळूवर आणि गाळणीच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषारी, तिसरा तुलनेने निरुपद्रवी. हे जिवाणू पुरेसे वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात रिकाम्या पेटीत गाळणयंत्र चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकावे. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना आहार मिळतो. चाचणीसंचाने अमोनिया व नायट्राइट शून्य आल्यावरच मासे आणावेत. अनेक दुकानदार ‘आधी दोन स्वस्त मासे सोडून पाहा’ असा सल्ला देतात. ते दोन मासे विषाची परीक्षा घेण्यासाठी पाठवलेले असतात, हे श्रावकाने ओळखावे.

याच संदर्भात गाळणीचा स्पंज नळाखाली धुण्याची सवय घातक ठरते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन ते जिवाणू मारते आणि आठवडाभरात मासे मरू लागतात. कारण मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळावा. पाणी गाळल्यावर गाळण्यातील जिवाणी मूळ स्थानी परत पोहोचवण्याचा आपल्या घरांतील प्राचीन प्रघात ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समजावण्यास वेळ लागणार नाही. गाळण्याला चिकटलेले ते सजीव आहे, हा विचार दोन्हीकडे सारखाच आहे.

दर आठवड्यास पेटीतील पाव हिस्सा पाणी बदलावे. जळगाव-धुळ्यात नळाला पाणी दिवसाआड किंवा त्याहूनही अधिक अंतराने येते, त्यामुळे टाकीत साठवण असतेच. उघड्या पिंपात चोवीस तास ठेवलेल्या पाण्यातील क्लोरीन बरेचसे उडून जाते. घाई असल्यास दुकानात मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे स्फटिक वापरावेत. पावसाळ्यात नद्या-धरणांचे पाणी गढूळ होते आणि शुद्धीकरणासाठी तुरटी व क्लोरीन अधिक वापरले जाते. म्हणून चातुर्मासाच्या आरंभी नवे मासे न आणणे हितावह. बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरताना मात्र आरओचे पाणी वापरावे. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. क्षार मागे राहतात, आणि त्यांवर पुन्हा जड पाणी ओतत गेल्यास कठीणता दर महिन्यास वाढत जाते.

खान्देशातील खरी कसोटी एप्रिल-मे महिन्यांत लागते. जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीलगतच्या खोलीतील पेटीचे पाणी ३५ अंशांवर जाण्यास वेळ लागत नाही. उष्ण पाणी प्राणवायू कमी धरते, हा निसर्गनियम आहे. २५ अंशांस लिटरभर पाण्यात सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांस सातच्याही खाली. आणि नेमक्या त्याच वेळी उष्णतेमुळे माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करणारे मासे ‘हवा खात’ नसतात, ते गुदमरत असतात. पेटी तळमजल्यावरील आतल्या खोलीत असावी. झाकण काढून जाळी घालावी आणि टेबलपंख्याचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावर सोडावा. एवढ्याने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. बर्फ थेट पाण्यात टाकू नये. अकस्मात थंडावा हाही आघातच. उन्हाळ्यात खाद्य थोडे कमी करावे आणि पाणी थोडे-थोडे पण अधिक वेळा बदलावे. वीज गेल्यास हवेचा पंप थांबतो. म्हणून घरातील इन्व्हर्टरवर पंख्यासोबत पंपाचीही जोडणी असावी, किंवा बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ ठेवावा. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा दहा अंशांखाली उतरतो तेव्हा उलट अडचण येते. झेब्रा डॅनिओ सौम्य थंडी सोसतो, तथापि पाणी १८ अंशांखाली जाऊ नये एवढ्यापुरता हीटर लावणे बरे.

आता आहाराचा प्रश्न. जैन कुटुंबाला सर्वांत अवघड वाटावा असा हाच प्रश्न आहे आणि बहुतेक ठिकाणी तो टाळला जातो. दुकानातील रंगीत डबीवर घटकांची यादी बारीक अक्षरांत असते. तीत फिशमील, म्हणजे वाळवलेल्या माशांची भुकटी, आणि कोळंबीची भुकटी बहुधा असतेच. ‘स्पिरुलिना’ असे ठळक छापलेल्या डबीतही ती असू शकते. याशिवाय ट्युबिफेक्सचे जिवंत किडे आणि तांबड्या अळ्या विकल्या जातात. त्या तर श्रावकाच्या घरी येण्याचा प्रश्नच नाही. काही कुटुंबे यावर उपाय म्हणून माशांना केवळ पोळीचा चुरा, मुरमुरे किंवा उकडलेला भात घालतात. डॅनिओ निसर्गतः सर्वभक्षी आहे; पाण्यातील सूक्ष्म जीव व कीटक हे त्याचे मुख्य अन्न. पिठाने त्याचे पोट भरते, पोषण होत नाही. माणसाने स्वतःच्या व्रतासाठी बंदिस्त जिवाचा आहार तोडणे हे अन्नपाननिरोधाच्या फार जवळ जाते.

तेव्हा निर्णय पेटी घेण्यापूर्वीच करावा. ज्या घराला फिशमीलयुक्त कोरडे खाद्य उंबऱ्याच्या आत आणणे मान्य नाही, त्याने डॅनिओ, बार्ब किंवा टेट्रा आणू नयेत. यात कमीपणा काही नाही. अशा घरासाठी मॉली हा मासा विचारात घेण्याजोगा आहे. तो शेवाळ आणि वनस्पतिजन्य अन्नावर बराचसा गुजराण करतो, शांत असतो, घोळक्याने राहतो आणि आपले जड पाणी त्यास विशेष मानवते. सालीविना उकडलेला मटार, वाफवलेला पालक आणि घटकयादी वाचून निवडलेले वनस्पतिजन्य खाद्य यांवर त्याचे बऱ्यापैकी भागते. अडचण इतकीच की मॉली पिल्ले देतो, तीही वारंवार, आणि प्रौढ मासे त्यांतील काही गिळतात. वाढत्या संख्येस जागा कोठून आणणार, हा परिग्रहाचा प्रश्न मग उभा राहतो. नर व मादी एकत्र न ठेवता केवळ एकाच लिंगाचे मासे घेतल्यास तो बराचसा टळतो. परंतु मादी आधीच गाभण असू शकते, म्हणून नर घ्यावेत.

छविच्छेदाचा उल्लेख आरंभी आला. भारतातच आढळणारा एक काचेसारखा पारदर्शक मासा आहे. त्याच्या अंगातील काटे बाहेरून मोजता येतात. व्यापारात त्याच्या शरीरात सुईने रंग टोचून तो गुलाबी, हिरवा, पिवळा करून विकला जातो. अनेक मासे त्यातच मरतात, उरलेल्यांचा रंग काही महिन्यांत उतरतो. दुकानात एकाच जातीचा मासा अस्वाभाविक भडक रंगांत दिसला तर विचारपूस करावी. चमकणाऱ्या डॅनिओची गोष्ट वेगळी आहे. त्यांत अन्य जीवाचे जनुक घालून ती चमक पिढीजात केलेली असते, आणि अमेरिकेत ते २००३ पासून विकले जात आहेत. तेथे सुई नाही, पण साधा निळ्या पट्ट्यांचा डॅनिओ उपलब्ध असताना असा मासा घेण्याचे प्रयोजन काय?

व्यापारी कुटुंबांसाठी आणखी एक बाब. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत २०२० पासून शोभिवंत मत्स्यपालनास अर्थसाहाय्य आहे. परसातील छोट्या प्रकल्पाचा खर्च ३ लाख, मध्यम प्रकल्पाचा ८ लाख धरला जातो आणि सर्वसाधारण लाभार्थ्यास ४० टक्के अनुदान मिळते. प्रकल्प अहवाल कागदावर आकर्षक दिसतो. मात्र पंधरा कर्मादानांत विक्रीसाठी प्राणी पोसण्याच्या धंद्याचाही समावेश आहे आणि या व्यवसायातील मर जमेस धरल्याविना कोणताही ताळेबंद पूर्ण होत नाही. घरातील दहा माशांची सेवा आणि हजारोंची उलाढाल यांत हा भेद आहे.

शिखरजी किंवा पालिताण्याच्या यात्रेस कुटुंब बाहेर पडते तेव्हा पेटीचे काय, हे पुष्कळजण विचारतात. निरोगी प्रौढ मासे तीन-चार दिवस अन्नाविना सहज राहतात. उलट शेजाऱ्याने मायेने टाकलेले मूठभर खाद्य कुजून सर्व मासे दगावल्याची उदाहरणे अधिक. दीर्घ प्रवास असल्यास एकेका दिवसाच्या चिमूटभर खाद्याच्या पुड्या बांधून, तारीख लिहून द्याव्यात. दिव्याची कळ आणि पंप शेजाऱ्यास दाखवून ठेवावा.

आणि हौस संपली तर? गाई-म्हशींसाठी आपल्या समाजाने पांजरपोळ उभारले. माशांसाठी तशी सोय नाही. म्हणून काहीजण पर्युषणात किंवा एखाद्या तिथीस मासे मेहरूण तलावात, गिरणेत किंवा पांझरेत सोडतात आणि अभयदान दिल्याचे समाधान मानतात. पेटीत वाढलेला मासा तेथे बहुधा दोन-चार दिवसांत भक्ष्य होतो. आणि जो जगतो तो अधिक घातक ठरतो. काच साफ करण्यासाठी आणलेला, शोषक तोंडाचा दक्षिण अमेरिकी मासा असाच सोडला गेल्याने देशातील अनेक जलाशयांत पसरला आहे आणि स्थानिक माशांच्या मुळावर उठला आहे. नको असलेले मासे दुकानदारास परत द्यावेत किंवा त्याच जातीचा थवा ज्याच्याकडे आहे अशा परिचिताकडे सोपवावेत. नेताना पिशवीत एक तृतीयांश पाणी व दोन तृतीयांश हवा ठेवावी, पिशवी कापडात गुंडाळून अंधार करावा, आणि नव्या पेटीत ती पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे झाल्यावरच मासे सोडावेत.